लाल दिव्याला ‘बंद’ न म्हणणारी गंधाली

गंधाली परब मुलुंडची. अंधेरीत सेट-टॉप बॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत ती नवे बॉक्स तपासायची. मी तिथेच कस्टमर केअरला. आमची ओळख कॅन्टीनपुरती. तिचं भांडण मात्र सगळ्या मजल्याला ठाऊक झालं.

नव्या बॉक्सच्या खोक्यावर ‘विजेची बचत’ छापायचं ठरलं होतं. गंधालीने रिमोटने बॉक्स बंद केला. हिरवा दिवा लाल झाला, पण वीज मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा जेमतेम उतरला. पडद्यावर चित्र नव्हतं, एवढंच. आत सगळं चालूच. बॉक्सला खरोखर झोपवायची सोय होती, पण मग तो जागा व्हायला अर्धं मिनिट घ्यायचा. म्हणून ती सोय वापरायची नाही असं कंपनीत ठरलेलं.

तिचे साहेब श्यामकांत देवधर म्हणाले, “अगं, लोक काळ्या पडद्याकडे बघत बसणार नाहीत. दुसऱ्या कंपनीकडे जातील.”

“मग खोक्यावर बचत लिहू नका ना, सर.”

“ते मार्केटिंग बघेल. तू पास कर.”

“नाही करणार. बंद म्हणायचं आणि चालू ठेवायचं, हे पास कसं?”

बॉक्स दुसऱ्या कुणीतरी पास केला. झोपेची सोय मेनूच्या पार तळाशी गेली, तीही बंद करून. आणि ‘ग्राहकांचा अनुभव मिळेल’ म्हणत गंधालीला आमच्याकडे पाठवलं, माझ्या शेजारच्या खुर्चीवर.

मला वाटलं, रडेल. तिने हेडफोन चढवला. पहिलाच फोन मानखुर्दच्या सुंदराबाईंचा. त्यांच्या टीव्हीला आवाज येत नव्हता. तो सुरू करून दिल्यावर गंधाली म्हणाली, “आजी, रिमोट हातात आहे ना? अजून एक करू या. टीव्ही बंद केल्यावरही तुमचा बॉक्स वीज खातो, ते थांबवू. फक्त पुन्हा लावताना थोडा वेळ लागेल.”

“लागू दे की. मला कुठे गाडी पकडायचीय?”

त्यानंतर प्रत्येक फोनला ती हेच सांगू लागली. मी घाबरले. “अगं, वाट लागेल तुझी.”

“आणखी काय लागायची राहिलीय, रश्मी?”

शेवटी देवधर स्वतः आले. “हे सांगायला तुला कुणी सांगितलं?”

गंधाली उठली नाही. “आपल्याच मॅन्युअलमध्ये आहे, सर. मी खोटं सांगत असेन तर काढून टाका. खरं सांगू नकोस म्हणत असाल, तर तेवढं लेखी द्या.”

देवधर निघून गेले. लेखी काही आलं नाही.

त्याच दुपारी दिंडोशीच्या एका बाईंना मीही ती सोय लावून दिली. हळूहळू आमची सगळी रांग हेच सांगू लागली. पुढच्या खेपेच्या खोक्यांवरून ‘विजेची बचत’ गायब झालं, तेव्हा मी गंधालीला म्हटलं, “जिंकलीस गं.”

“कसली जिंकले? शब्द पुसले त्यांनी. वीज जातेच आहे,” ती म्हणाली, आणि पुढचा फोन घेतला.