बाबांनी विचारलेले प्रश्न

बाबा जाऊन दोन महिने झाले होते. मनीषनगरच्या घरात त्यांचा टॅब आता आई वापरायची. एका दुपारी तिचे पाय दुखत होते, म्हणून मी त्यावर व्यायाम शोधायला बसलो. ‘पाय’ एवढंच टाइप केलं, तर खाली आपोआप ओळी उमटल्या. ‘पाय काहून सुजून राहिले.’ ‘पाय सुजले तर माणूस किती दिवस जगते.’

हे बाबांनी कधीतरी शोधलेलं होतं, त्यांच्याच बोलीत. आम्हाला मात्र ते शेवटपर्यंत, “काही नाही गा, थकलो,” एवढंच सांगत राहिले. मी घाबरत ‘दम’ लिहिलं. लगेच ओळ आली, ‘दम लागते हे घरी कसं सांगाव.’ जणू ते आत बसून माझ्या अक्षरांचीच वाट पाहत होते.

“काय पाहून राहिला गा?” आईनं मागून विचारलं. मी टॅब पालथा घातला.

त्याच दिवशी मी जुने शोध पुसले आणि विचारलेलं काहीच साठवून न ठेवणारं दुसरं सर्च इंजिन टाकलं. पुसताना बाबांना पुन्हा एकदा पोचवून आल्यासारखं वाटलं. आईला म्हटलं, “आता हे विचारलेलं विसरून जाते.”

“म्हणजे कोणालेच समजत नाही?”

“नाही.”

तिनं टॅब उचलला, गॅलरीत माझ्याकडे पाठ करून बसली आणि सावकाश एकेक अक्षर दाबू लागली. तिनं काय विचारलं, ते मला अजून माहीत नाही.