तुमचा कोण लागतो?

फाशीची शिक्षा राज्यातून उठवा, एवढंच मागणं होतं आमचं. आम्ही म्हणजे मी, शाळेत गणित शिकवणारी बाई, आणि एक रिटायर वकीलसाहेब. तिसरं माणूस कधी टिकलंच नाही. रविवारी कागद घेऊन निघायचं, आणि दारोदार तोच सवाल ऐकायचा, "तुमचा कोण लागतो?"

अहो, कोण लागायचा! बिडकीनचा एक तरुण होता. बांधाच्या भांडणात चुलता आणि चुलतभाऊ, दोघांना मारलं त्यानं. आम्ही कुठं नाही म्हणत होतो? वरच्या कोर्टातही फाशी कायम झाली. आता राज्यपालांकडं दयेचा अर्ज, तेवढंच उरलं होतं, आणि त्याला सह्या जोडायच्या होत्या.

औरंगपुऱ्यातला कापडवाला तागा गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "मॅडम, आपका रिश्तेदार है क्या?" नाही म्हटलं, तर कागद परत. पुंडलिकनगरात चहा मिळायचा, पोहे मिळायचे, आणि सही मागितली की आवाज खाली यायचा. "कोणत्या समाजाचा आहे पण?" डोकंच फिरायचं माझं. माणूस जिवंत ठेवायला गोत्र जुळवावं लागतं का हो? घरी नवरा सही करीना. "पोळ्या करून जा," एवढंच त्याचं म्हणणं.

त्यात वकीलसाहेबांनी कागदावर 'नातं' असा रकाना छापून घेतला. मी कडाकडा भांडले. ते थंडपणे म्हणाले, "नातं नसेल तिथं 'नागरिक' लिहा, बाई."

मुलाची माय बिडकीनला एकटीच राहायची. गावानं बोलणं टाकलं होतं. अर्जावर अंगठा घ्यायला गेले तर माझा हात सोडीना. "बाई, माझं लेकरू वाचवा. लई उपकार होतील." येताना बसमध्ये मी रडले, आणि रडले म्हणून स्वतःवरच चिडले.

फाशीची जन्मठेप झाली. कशानं झाली देव जाणे, पण झाली.

वर्षभरानं जालन्याकडच्या एका माणसाचा अर्ज आला. त्यानं बायको आणि सासू मारली होती. म्हटलं, कोणी नाही तर ही माय तरी अंगठा देईल. गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "द्या की फाशी त्याला. लई वंगाळ काम केलं मेल्यानं. माझा कोण लागतो त्यो?"

मग मात्र माझा ताबा सुटला. "मावशी, तुमच्या लेकाच्या पायी किती दारं झिजवली मी! सगळे हेच विचारत होते. तेव्हा मी असंच म्हणाले असते तर?"

ती सुपातल्या ज्वारीतले खडे उगाच चिवडत बसली. मग म्हणाली, "त्याला माय हाय का?"

"नाही. बापही नाही. म्हणून तर आले."

तिनं पदराला हात पुसले आणि अंगठा पुढं केला. मी शाई लावली, पेन उघडलं. तो मेला रकाना समोर आला आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नातं काय लिहू?"

कागदावर अंगठा दाबून धरत ती माझ्यावरच खेकसली, "आता तुमीबी तेच इचारता व्हय, बाई?"