साडभाऊंचं टेबल

साऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात माझ्या साडभाऊंइतका डोक्याला ताप देणारा माणूस दुसरा सापडणार नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. हयातभर तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले. निवृत्त माणसानं पेपर वाचावा, दुपारी आडवं व्हावं, फार तर राजकारणावर चार लोकांशी भांडावं. यांच्या मुलीनं मावल्याला फिजिओथेरपीचा दवाखाना काढला, त्यात विजेवर वर-खाली होणारं टेबल आणलं, आणि झालं! उपचार मुलगी करते, पण टेबल मात्र यांनी बळकावलं. सोबत आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक शब्दकोश घेऊन तीनदा वाचलं आणि त्याचा मराठी हुकूमनामा करून भिंतीवर डकवला. त्यात 'तामील व्हावी' हे शब्द अकरा ठिकाणी आहेत, मी स्वतः मोजले आहेत.

सकाळी दवाखाना उघडला की आधी टेबलाच्या चारही चाकांना खटके लावायचे, मग स्वतःच कमरेनं टेबलाला धक्का देऊन ते हलत नाही ना हे बघायचं, मग प्लगपासून मोटारीपर्यंत वायर बोटांनी चाचपायची. त्यानंतर स्वारी स्वतः टेबलावर निजते, वर जाते, खाली येते, पाठीचा भाग उचलून पाहते, आणि बाहेर पेशंट कण्हत बसलेले असतात! शेवटी गुडघे टेकून टेबलाखाली बॅटरी मारायची. आपल्या लोकांना खाटेखाली सामान सारायची सवय, ती दवाखान्यात थोडीच सुटते? बेल्याच्या एका गृहस्थांनी टेबलाखाली पिशवी सारली होती. टेबल खाली आलं तेव्हा तिच्यातल्या स्टीलच्या डब्याची पार ताटली झाली. तेव्हापासून साडभाऊ माणसापेक्षा पिशवीवर जास्त लक्ष ठेवतात. मग बटण दाबण्याआधी दवंडी: "टेबल वर जाऊन राह्यलं! टेबल ऊपर जा रहा है! टेबल पैकि पोतुंदी!" खोलीत पेशंट एकटा, तोही मराठी. मी एकदा चिडून विचारलं, "अहो, तेलुगू काऊन?" तर म्हणाले, "खबर साऱ्यायले पोचली पाह्यजे." आणि त्याच दिवशी मी जरा काठावर टेकलो, तर चारचौघांत ओरडले, "साडभाऊ, उठा. टेबल हाय ते, पारावरचा कट्टा नाई." माझं वय काय, अपमान काय!

हे सगळं मी गिळलं असतं. पण माझी आई अंगणात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं की व्यायाम लगेच सुरू झाला तर ती पुन्हा चालेल, उशीर झाला तर पाय आखडेल. आईचं मागणं एकच होतं. "मले कोनाच्या हातानं न्हाणीत जायचं नाई," ती म्हणायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची. म्हणून मी तिला चाकाच्या खुर्चीतून मावल्याला नेलं. तिनं खिडकीतलं ऊन पाहिलं, टेबल पाहिलं आणि हात जोडले.

"उत्तरेकडं डोकं? मेलेल्या मानसाले निजवतेत तसं. मी अजून मेली नाई."

मी म्हणालो, मग उलटी निज, डोकं पायाकडे कर. साडभाऊ आडवे आले. "उलटं निजल्यावर डोक्याकडचं बटण दाबलं का पाय वर जातेत. ऑपरेशनचा खुबा हाय. नाई." मग टेबलच फिरवा! तर वायर पोचत नाही. एक्स्टेन्शन लावा! "वायर चालायच्या वाटेत येते. नाई." मुलगी मध्ये पडायला गेली, तिलाही "नाई". आईला तशीच घरी परत आणली. चार दिवस! एकेक दिवस मोलाचा असताना, इलेक्ट्रिशियननं समोरची भिंत फोडून नवा प्लग बसवीपर्यंत हा माणूस तिथे स्टूल टाकून अर्थिंग तपासत बसला. मी रागानं त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पाचव्या दिवशी आई दक्षिणेला डोकं करून निजली. दवंडी झाली, टेबल कमरेइतकं वर गेलं, व्यायाम झाला आणि भरदुपारी लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखा फिरत होता, मोटार काही हलेना. मुलगी बाहेर दुसऱ्या पेशंटकडे गेली. साडभाऊ टेबलाला चिकटून उभे राहिले, एक हात आईच्या खांद्यावर, दुसरा कमरेशी. पाऊण तास झाला.

"दोघं मिळून आईला उचलून खाली ठेवू," मी म्हणालो.

"नाई."

"मग तुमी चहा तरी पिऊन या, मी उभा राहतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नको," एवढंच म्हणाले.

माझी मान खाली गेली. कारण काही वर्षांपूर्वी, परगावच्या एका मोठ्या दवाखान्यात, त्यांची बायको उंच केलेल्या पलंगावर निजलेली असताना, "चला हो, पाच मिनिटांत येऊ," म्हणून त्यांना चहाला ओढून नेणारा मीच होतो. परत आलो तेव्हा ताई फरशीवर होती. ती पुन्हा चालली नाही, आणि चार-सहा महिन्यांत गेलीच. त्या चहाबद्दल या माणसानं मला आजवर एक शब्द बोलून दाखवलेला नाही. माझा खरा संताप हा आहे. काठावर टेकलो तर ओरडतात, आणि जे ओरडायला हवं ते पोटात ठेवतात. एकदा बोलले असते तर मी त्यांचे पाय तरी धरले असते.

लाईट आली. आईचा डोळा लागला होता, म्हणून दवंडी हळू आवाजात झाली, पण तिन्ही भाषांत. टेबल खाली आलं. आईनं पाय जमिनीला लावले आणि माझा नव्हे, त्यांचा हात धरून ती उभी राहिली.

आता ती न्हाणीत एकटी जाते. रोज संध्याकाळी साडभाऊंचा फोन येतो, "न्हाणीतली फरशी कोरडी हाय ना?" मी वैतागून "हाय हो" म्हणतो, फोन ठेवतो, आणि उठून फरशी पुन्हा एकदा पुसतो.