तोकिएचा होकार

आमच्या गल्लीत तेव्हा फोन एकच, तो माझ्या दुकानात. तोक्योतल्या शिंजुकूच्या मागच्या अंगाला मी तांदळाच्या चकत्या निखाऱ्यावर भाजून विकत असे, आणि वरच्या, साडेचार चटया जेमतेम मावतील एवढ्या खोलीत तोकिए हिनुमा भाड्याने राहायची. तिच्या कार्डावर माझाच नंबर छापलेला, शेजारी बारीक अक्षरात 'बोलावून देतील'. फोन आला की मी जिन्याखालून ओरडायची. गल्लीतल्या निम्म्या लोकांची लग्नं, मयतं, नोकऱ्या अशा माझ्या तोंडूनच त्यांना कळल्या आहेत.

तोकिए जवळच्या एका तळघरातल्या छोट्या रंगमंचावर गायची आणि देवळाच्या आवारात तंबू ठोकून नाटकं करणाऱ्या केसाळ पोरांच्या मंडळीत काम करायची. तोंडाला पांढरा रंग फासून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, भिंतीला लावायचा चुना तोंडाला कशाला?"

"उघड्या चेहऱ्यानं गायची लाज वाटते, काकू. तुम्ही या ना एकदा. तिकीट नको, चकत्या आणा."

मी नाक मुरडत गेले आणि रडत परत आले. तिच्या गाण्यात शब्द थोडे. 'घरी ये' एवढंच ती तीनदा म्हणायची; एकदा ती विनवणी असायची, एकदा शिवी, आणि तिसऱ्यांदा, येणारं कुणी उरलेलंच नाही हे आपल्याला कळायचं. त्यानंतर माझा एकही प्रयोग चुकला नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सकाळी ती खाली येऊन माझ्याबरोबर मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सार प्यायची, सार खारट झालं म्हणून मला बोलायची. मला ते फार आवडायचं.

एकोणसत्तर सालच्या वसंतात दुपारी फोन आला. रेकॉर्ड कंपनीचे कुणी कुरिहाशी म्हणून गृहस्थ, बोलणं अगदी इस्त्रीचं. तोकिएबाईंच्या गाण्याची रेकॉर्ड आम्हाला काढायचीय, सिनेमात एक भूमिकाही आहे. त्यांची तयारी असली तर दिवस ठरवून कळवतो.

मी जिन्याखालून सगळं ओरडून सांगितलं. वर ती तोंड रंगवत होती, तंबूत जायची घाई.  मग दातांत कंगवा धरून, हसत, ती ओरडली, "केक्को देसु!"

आमचा हा शब्द मोठा लबाड आहे. 'छान, चालेल' म्हणायलाही हाच, आणि 'नको, पुरे' म्हणायलाही हाच. सगळं सुरावर. आणि तोकिएचा सूर असा होता की बहिऱ्यालाही होकार कळावा.

मी फोनपाशी आले. "केक्को देसु, म्हणते," मी म्हटलं. खाली पाहत, सपाट आवाजात.

"असं होय," ते म्हणाले. "वाईट वाटलं. त्यांना त्रास दिला." आणि फोन ठेवला.

लोक ध चा मा करतात. मी अक्षरसुद्धा बदललं नाही, नुसता सूर काढून घेतला. ती गेली असती, वरची खोली रिकामी झाली असती, एवढंच माझ्या मनात होतं. कलेची काळजी वगैरे कारणं मी नंतर शोधली.

दोन आठवडे ती फोनच्या आसपास घुटमळली. "काकू, काही निरोप?"

"नाही गं."

मागायला जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. पुढे एका मासिकात कुरिहाशींनी सांगितलं की तोकिए हिनुमाने आम्हाला नकार दिला. ती मासिक घेऊन खाली आली. "मी कधी नाही म्हटलं?"

"मोठी माणसं," मी चकती उलटत म्हटलं. "आपली चूक झाकायला काहीही बोलतात." तिने ते खरं मानलं. हे दुसरं पाप पहिल्यापेक्षा मोठं.

मग त्या नकाराचीच कीर्ती झाली. न विकली गेलेली बाई म्हणून पोरी तिच्यासारखं गायला लागल्या. दोघीतिघी तर तिच्याच ढंगावर टीव्हीवर पोचल्या. ती मात्र सकाळी डबे भरण्याच्या कारखान्यात आणि संध्याकाळी तीस माणसांसमोर. कुणी नकाराचं विचारलं की नुसती हसायची. तिची एकही रेकॉर्ड निघाली नाही. ज्या तरुण आवाजानं मी रडले तो आज कुठेच उरलेला नाही.

चौतीस वर्षांनी युकाको नावाची तिची शिष्या मिठाई घेऊन आली. तोकिएला म्हणाली, "कंपनीचा कराराचा कागद परत केला. तुमच्यासारखाच!" ती गेल्यावर मला राहवेना. ब्याऐंशी वर्षांची मी, तोकिएसमोर कपाळ चटईला टेकवून सगळं सांगितलं.

तोकिएने विचारलं, "तुम्हाला एकटं पडायची भीती वाटली?"

"हो."

"मग तेवढंच सांगायचं होतंत, काकू. मी दर रविवारी आले असते."

 तिने स्वतःचे डोळे पुसले आणि म्हणाली, "आता हे दुसऱ्या कुणाला सांगू नका. त्या पोरीनं माझ्या भरवशावर कागद परत केलाय."

"अजून वेळ आहे, तिला खरं सांग."

"मघाशी तिला दाराशी पोचवताना विचारलं मी. तिची जागा परवाच दुसरीला दिली त्यांनी."

शनिवारी दुपारी तळघरात कार्यक्रम होता. गाणी झाल्यावर पहिल्या रांगेतून युकाकोनेच विचारलं, "बाई, तुम्ही खरंच नकार दिला होतात ना?"

मी मागे बसले होते. तोकिएने माझ्याकडे पाहिलं नाही.

"हो," ती म्हणाली. "मीच नको म्हटलं."

इतक्या वर्षांत हे तिने स्वतःच्या तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारची मुलगी माझ्याकडे पाहत होती, म्हणून मीही वाजवल्या.