डब्यातला फोन आणि मामांचा पाय

सावकाशमामांना रस्त्याची भीती अशी कधी वाटलीच नाही. सव्वीस वर्षं रुग्णालयाची बस चालवून रस्ता अंगवळणी पडला होता. भीती वाटायची ती मागे बसणाऱ्या बावीस परिचारिकांची. ही मंडळी ड्यूटीवर पोचायच्या आधीच ड्यूटीवर असत. मामा नुसते खाकरले तरी मागून तीन सल्ले आणि एक औषधाची बाटली पुढे येई. ‘सावकाश’ हे नावही त्यांनीच ठेवलेलं. कुणी घाईने उतरायला लागलं की मामा म्हणत, “सावकाश, सिस्टर. रुग्ण कुठे पळून जात नाहीत.”

असा हा माणूस गेला दीड महिना त्या बावीसजणींपासून स्वतःचा उजवा पाय लपवत होता.

सुरुवात झाली एका बटणापासून. मामी घरी शिवणकाम करत. कुणाच्या तरी कोटाचं मोठं बटण सापडत नव्हतं म्हणून सकाळपासून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. संध्याकाळी मामा कामावरून आले, दाराशी बसून त्यांनी बूट काढला, आणि बटण टणकन फरशीवर पडलं.

“अहो, हे तुमच्या बुटात? दिवसभर यावर उभे होतात?”

“घाईत होतो.”

“घाईत माणसाला टोचत नाही होय?”

मामांनी मोजा सोलून काढला. तळव्यावर बटण उमटलं होतं, चारही भोकांसकट. कडेची कातडी फाटून मोजा रक्ताने चिकटला होता. मामांनी त्या खड्ड्यावर बोट दाबून बघितलं. बोटाला पाय लागला. पायाला बोट लागलं नाही.

रक्तातली साखर वाढून बारा वर्षं झाली होती. डॉक्टरांनी मागे एकदा ‘पायांकडे लक्ष असू द्या’ म्हटलं होतं, तेव्हा मामांना वाटलं होतं, नखं वाढली असतील.

“उद्याच्या उद्या दाखवून या,” मामींनी पट्टी बांधता बांधता हुकूम सोडला.

“दाखवतो की.”

पण दाखवायचं म्हणजे कागद होणार, आणि कागद झाला की किल्ली जाणार. मागे एका ड्रायव्हरची नजर अधू झाली म्हणून गाडी काढून घेतली होती. तो बिचारा अजून रोज सकाळी डेपोतल्या बाकावर येऊन बसतो आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवतो. कुणी सांगितलेलं नाही, कुणी बघत नाही. त्या बाकावर अजून एका माणसाला पुरेल इतकी जागा आहे, हे मामांच्या हल्ली रोज लक्षात येत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्याला लागली आणि खरी भीती कळली. बटण बुटात असताना जसं कळलं नव्हतं तसंच आता ब्रेक पायाखाली आहे, की पाय ब्रेकच्या शेजारी हवेत आहे, हेही कळत नव्हतं. सव्वीस वर्षं हे कधी विचारावंच लागलं नव्हतं. पाय आपला आपण जायचा. आता बघावं लागत होतं. मान खाली, पाय जागेवर आहे, मान वर. तेवढ्यात बस दोन बसच्या लांबीइतकी पुढे गेलेली असे. मान वर करताना दर वेळी मामांना वाटे, आता समोर कुणीतरी असणार. नसे. मग पुढचा सिग्नल येई. घरी पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटलेला असे.

हे मान खाली घालणं महिन्याभराने हेरलं मोठ्या सिस्टरनी. ड्रायव्हरच्या डावीकडची पहिली जागा त्यांची. इतर सगळ्या त्यांना मनातून घाबरत आणि मामा उघड घाबरत.

“मामा, या वयात फोनचा नाद?”

मामांनी लगेच मान वर केली. मग म्हणाले, “चुकलं, सिस्टर.”

बुडत्याला काडी मिळावी तसा त्यांना हा गुन्हा मिळाला होता. तक्रार वर गेली. डेपोच्या साहेबांनी बोलावून घेतलं.

“मामा, तुम्ही? गाडी चालवताना व्हिडिओ बघता?”

“कधीतरी.”

“कसले?”

मामांनी याची तयारी केली नव्हती. “मांजरांचे,” ते म्हणाले.

साहेबांनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि ताकीद लिहून दिली. सव्वीस वर्षांतली पहिली ताकीद. मामांनी ती बक्षिसासारखी घडी करून खिशात ठेवली.

दुसऱ्या सकाळपर्यंत मांजरांची बातमी बसपर्यंत पोचली होती. मोठ्या सिस्टर बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आल्या. “फोन यात ठेवायचा. उतरताना परत.” मामांनी निमूटपणे फोन ठेवला. बटणांचा, जुना, एका कोपऱ्यात चिकटपट्टी लावलेला. मामींचा निरोप ऐकण्यापलीकडे त्याचा काही उपयोग नव्हता. सिस्टरनी तो उलटसुलट करून पाहिला आणि डब्याला झाकण लावलं.

त्या दिवशी रुग्णालयाकडे जाणाऱ्या उताराच्या वरच्या टोकाला, बाजाराच्या चौकात, एक म्हातारबुवा काखेत एक्स-रेचं पाकीट धरून पांढऱ्या पट्ट्यांवरून निघाले होते. मामांनी ब्रेक दाबला. बस थांबली नाही. उलट किंचित पुढे ओढली गेली. मामांनी खाली बघितलं. पाय ब्रेकवर नव्हता. ॲक्सिलरेटरच्या कडेवर होता आणि मन लावून दाबत होता.

मामांनी एका हाताने विजारीसकट गुडघा उचलून पाय बाजूला केला, दुसऱ्या हाताने हँडब्रेक ओढला. बस आचके देत उभी राहिली. मागे पिशव्या पडल्या. म्हातारबुवांनी वळून पाहिलं, थांबल्याबद्दल हात वर करून आभार मानले आणि आपल्या चालीने पलीकडे गेले.

पुढे उतार होता, आणि उताराच्या तळाशी रुग्णालयाचं फाटक.

“मामा,” मोठ्या सिस्टर अगदी हळू म्हणाल्या, “फोन माझ्या मांडीवर आहे. आणि त्यात मांजर मावत नाही. खाली काय बघता?”

“पाय,” मामा म्हणाले. “इथून पुढे मी नेणार नाही, सिस्टर.” मामांनी गाडी बंद केली आणि किल्ली सिस्टरच्या हातात दिली. आपल्या हातांनी दिली. कुणी काढून घ्यायच्या आधी.

सिस्टरनी तिथेच पायरीवर त्यांना बसवलं, बूट-मोजा काढायला लावला. “डोळे मिटा. टोचलं की ‘हो’ म्हणा.”

मामांनी डोळे मिटले. वाट बघितली. “करा की सुरू.”

“झालं, मामा. पाच वेळा झालं.”

बसमध्ये बावीसजणी होत्या आणि एकही सल्ला पुढे आला नाही. मामांना सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली.

“पुन्हा गाडी हातात मिळेल ना?”

“ते डॉक्टर बघून ठरवतील. मी नाही सांगू शकत.”

“खोटं तरी सांगा.”

“खोट्यावर आम्ही इतके दिवस प्रवास केलाय. आता पुरे.” त्यांचा आवाज कडक होता, पण मोजा त्यांनीच परत घातला, आणि तोही सुरकुती पडू न देता. “आज पहिला रुग्ण तुम्ही. मामींना मी फोन करते.”

डेपोतून दुसरा ड्रायव्हर आला, नवा, हुशार, शीळ घालणारा. मोठ्या सिस्टरनी सरकून मामांना आपल्या शेजारी जागा दिली. सव्वीस वर्षांत मामा या बसमध्ये प्रवासी म्हणून कधी बसले नव्हते. नव्या ड्रायव्हरने उतारावर गाडी सोडली मात्र, बसमधून एका सुरात बावीस आवाज आले, “सावकाश.”

मामांनी समोरची दांडी घट्ट धरली. उताराच्या पहिल्या वळणापासून फाटकापर्यंत त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. निदान दाबत असावा. खात्री करायला त्यांनी खाली बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिले. आता बघायला हरकत नव्हती.