नखाएवढा चंद्र

धक्क्यावर सगळे त्याला हातोडा म्हणत. त्याने पहिला दात पाडला तो सख्ख्या मामाचा, आणि तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. मामाने धाकट्या भावाला पट्ट्याने मारलं होतं, एवढंच कारण. त्यानंतर धाकट्याला परक्या कुणी बोट लावलं नाही. मारायचं ते हातोड्यानेच. आई गेल्यावर त्याला वाढवलं कुणी, खाऊपिऊ घातलं कुणी? मग मारायचा हक्क कुणाचा, असा त्याचा सरळ हिशेब. तो चुकीचा आहे हे सांगायची अख्ख्या धक्क्यावर कुणाची छाती नव्हती. हातोडा हे नाव काही त्याच्या आईने ठेवलेलं नव्हतं.

धक्क्याला लागलेल्या बोटी बांधणं हे दोघा भावांचं काम. भरतीला बोट वर आली की दोर आवळायचा, ओहोटीला खाली गेली की सैल सोडायचा. हे साधं काम हातोड्याने धाकट्याला तोंडाने कमी आणि हाताने जास्त शिकवलं. दोर चुकला की कानाखाली जाळ, गाठ सुटली की पाठीत गुद्दा. धाकट्याने तिशी ओलांडली, तरी दादाचा हात वर गेला की त्याचं कोपर आपोआप तोंडापुढे यायचं. हातोड्याला ते कधी दिसलं नाही, कारण मारताना तो समोरच्या माणसाकडे बघतच नसे.

पौर्णिमेला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, हे धक्क्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक. पण एकदा संध्याकाळी गोदामांच्या छपरांमागून परातीएवढा लालभडक चंद्र वर आला आणि हातोडा दोरांकडे धावला. आज पाणी भलतंच उतरणार म्हणून त्याने सगळे दोर ढिले सोडले. पाणी नेहमीइतकंच उतरलं. ढिल्या बोटी एकमेकींवर आपटून फळ्या फुटल्या. एक खलाशी "चंद्राला भ्याला रे!" म्हणून खिदळला, त्याचं नाक हातोड्याने तिथल्या तिथे फोडलं.

पुढे काही महिन्यांनी एका पौर्णिमेला सगळी संध्याकाळ ढगांत गेली. जेवणाच्या वेळी ढग फाटले तेव्हा चंद्र बराच वर चढला होता.

"दादा, दोर अजून सोड," धाकटा म्हणाला. "आज चंद्र जवळ आलाय."

"हा? बटणाएवढा तर आहे!"

"दिसण्यावर जाऊ नकोस. छपराला टेकलेला चंद्र कधीही मोठाच वाटतो, तो आपल्या डोळ्यांचा खेळ. खरा मोठा दिसतो तो जवळ आल्यावर. त्याची वाट अगदी गोल नाही, थोडी लांबट आहे. कधी जवळून जातो, कधी लांबून. जवळ असताना पौर्णिमा आली की जरासा मोठा, चांगला लखलखीत, आणि पाण्याला ओढही जास्त. उजेड बघ ना केवढा पडलाय! मागच्या बोटीचा कप्तान सांगत होता..."

"मला शिकवतोस?" कोपर वर यायच्या आत चपराक बसली आणि धाकट्याचा ओठ फाटला. "जा, दोरापाशी उभा राहा. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. पुन्हा माझं हसं व्हायला नको."

धाकटा रक्त थुंकून दोरापाशी गेला. पाणी उतरत राहिलं. शेवाळाची नेहमीची रेघ सोडून ते इतकं खाली गेलं, की कधी न दिसलेली भिंत उघडी पडली. दोर करकरू लागला, अख्खी बोट त्याच्यावर लटकली होती. धाकट्याने मान वळवून दादाकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"सोड!" हातोडा किंचाळला. दोर त्याआधीच तुटला आणि उसळून धाकट्याच्या गुडघ्याखाली बसला. हाड मोडल्याचा आवाज हातोड्याला लांबून ऐकू आला.

डॉक्टरांनी पाय काढला. हातोडा दवाखान्याच्या बाकावर बसून आपल्याच हाताला रक्त येईपर्यंत चावत राहिला. त्या दिवसापासून त्याने कुणावर हात उगारला नाही. एका बोटमालकाने आईवरून शिवी दिली, तीही गिळली. धाकट्याला आंघोळ घाल, कुबडी पुसून ठेव, ताट पुढ्यात आण, सगळं तोच करायचा. धाकटा "हो" आणि "नको" एवढंच बोलायचा. हातोड्याला एकच हवं होतं. धाकट्याने एकदा तरी पूर्वीसारखा वाद घालावा.

एका पौर्णिमेला दोघे दारात उभे असताना गोदामांमागून चंद्र वर आला, पुन्हा परातीएवढा.

"हा खोटा मोठा, की खरा?" हातोड्याने विचारलं.

"स्वतःच बघ की," धाकटा म्हणाला. "हात लांब कर, एक डोळा मीट आणि त्याला करंगळीच्या नखाआड धर. वर चढला की पुन्हा धर. तेवढाच भरेल. डोळा फसतो, नख फसत नाही."

एवढं तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. हातोड्याला इतका आनंद झाला, की त्याने झटकन हात उचलला.

धाकट्याचं कोपर तोंडापुढे गेलं. कुबडी निसटली आणि तो उंबऱ्यावर आदळला.

हातोड्याचा हात तसाच वर राहिला. करंगळीच्या नखाआड चंद्र पुरता झाकला गेला होता, पण हातोडा त्या कोपराकडे बघत होता.

"अरे, मी तर चंद्र..." हातोडा म्हणाला.

"माहीत आहे, दादा," धाकटा कोपराआडून म्हणाला. "मीच सांगितलं ना तुला. पण हे खालीच येत नाही."