ओसरीवरची सतरंजी

उज्जैनजवळच्या रुणखेडीत शाळेच्या मास्तरांच्या घराला ‘दक्षिणियों का घर’ म्हणत. विष्णू मास्तरांच्या चार पिढ्या उज्जैनला गेल्या होत्या, घरातली मराठी अर्धी हिंदी झाली होती, तरी गावाच्या लेखी ते दक्षिणेतलेच. घर वरच्या आणि खालच्या वस्तीच्या मधोमध होतं. दोन खोल्या आणि पुढे लांब ओसरी. मास्तर, त्यांची बायको कुसुम, सासूबाई आणि लग्नाची नणंद सुलू एवढी माणसं त्यात राहत.

कुसुम उज्जैनच्या माधव नगरातली. लग्नानंतर सहा वर्षं ती या खेड्यात होती, आणि सहाही वर्षं तिनं गावच्या पटेलांच्या, म्हणजे पाटलांच्या, विहिरीवरूनच पाणी भरलं होतं. गोडं पाणी तिथंच होतं. पटेलांच्या घरच्या बायकांचं आटोपेपर्यंत घागर खाली ठेवून चिंचेखाली उभं राहायचं, हाक आली की पुढे व्हायचं. याबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही. ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्यभारत राज्य आलं, तेव्हाही तिच्या दृष्टीनं शाळेच्या हजेरीपटावरचा शिक्का तेवढा बदलला.

पुढे पंचायतीचा कायदा आला. सात पंच निवडून आले आणि चिटणिशीचं काम मास्तरांच्या गळ्यात पडलं. पहिल्या बैठकीत सरपंच निवडायचा होता, पण ती बैठकच होईना. सातांमधला एक पंच भेरा, जातीनं बलाई, म्हणजे गावाच्या लेखी अस्पृश्य, खालच्या वस्तीतला. पटेलही पंच होते, आणि पहिली बैठक त्यांच्या चौपालावर, घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, ठरली. तिथं जाजम पटेलांचं, आणि ज्याचं जाजम त्यानं माणसं बसवायची, हा गावाचा जुना शिरस्ता. पटेलांनी भेराला खाली, चपलांपाशी जागा दाखवली. तो तसाच घरी गेला, त्याच्यामागून आणखी दोघे उठले आणि गणसंख्या मोडली. दुसरी बैठक शाळेत ठेवली. शाळा भरायची देवळाच्या पडवीत, आणि भेराला तिथं पायरीही चढू देत नसत, म्हणून तीही मोडली.

मग उज्जैनहून पंचायतीचा इन्स्पेक्टर आला. कुसुमच्या हातचे पोहे खाऊन त्यानं सांगितलं, तिसरी बैठकही बसली नाही तर गाव पलीकडच्या पंचायतीला जोडायचा अहवाल देतो. तो गेल्यावर मास्तर बराच वेळ ओसरीकडे बघत राहिले. कुसुमनं ते पाहिलं आणि पुढचं ओळखलं.

“तुझी सतरंजी दोन तास लागेल,” ते जेवताना म्हणाले.

सतरंजी कुसुमच्या आईनं दिलेली, ग्वाल्हेरच्या तुरुंगात विणलेली, लाल-निळ्या पट्ट्यांची. बारा माणसं ऐसपैस बसत. तिची घडी वर्षातून दोनदा मोडायची. शिवाय बैठक गुरुवारी होती आणि रविवारी देवासची मंडळी सुलूला बघायला येणार होती. मुलगा तारखात्यात होता, पत्रिका जुळली होती. मंडळींना सडकेवरून आणायला मास्तरांनी पटेलांची बैलगाडीही सांगून ठेवली होती. सुलूला चोविसावं लागलेलं. सासूबाई दिवस मोजत होत्या. आज ओसरीवर कोण कुणाशेजारी बसलं हे उद्या देवासला कळायला वेळ लागत नाही, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

कुसुमनं नाही म्हटलं नाही. तिनं तोड काढली. सतरंजी अर्धीच उलगडायची, उरलेल्या अर्ध्याची घडी तशीच राहू द्यायची आणि घडीपलीकडे भेरासाठी धुतलेलं पोतं टाकायचं. म्हणजे तो ओसरीवरही बसेल आणि सतरंजीवर बसणार नाही. मास्तरांना बैठक हवी होती. कशी होते याची फार चौकशी करायला ते तयार नव्हते. त्यांनी मान डोलावली.

गुरुवारी सकाळी सहा जण येऊन बसले. भेरा शेवटी आला. स्वच्छ धोतर, जोडे हातात. त्यानं पोत्याकडे पाहिलं. तो बसला नाही आणि परतही गेला नाही. खांबापाशी उभा राहिला.

“मास्टरजी,” तो म्हणाला, “नाम तो मेरा भी उसी कागज में है.”

मास्तरांनी कागद चाळायला घेतले. कुणी खाकरलं. पटेल लोडाला टेकून बसले होते. त्यांनी माजघराच्या दाराकडे तोंड केलं. दारामागे कुसुम उभी होती, हे त्यांना ठाऊक होतं.

“बाईसाब, जाजम तो आपकी है. बिठाना भी आप ही को है. बता दो, भेरा कहाँ बैठे.”

कुसुमला पोत्याकडे बोट दाखवायचं होतं. तेच ठरलं होतं. तेवढ्यात पटेल गोड आवाजात पुढे म्हणाले, “इतवार को देवासवाले भी इसी पे बैठेंगे. आप तो समझदार हो.”

त्या वाक्यानं बिनसलं. पटेलांच्या विहिरीवर पटेलांच्या मर्जीनं उभं राहणं तिनं मान्य केलं होतं, कारण विहीर त्यांची होती. ही ओसरी तिची होती. ती पदर सारखा करून बाहेर आली, पोतं उचलून दारातल्या सुलूच्या हातात दिलं आणि वाकून सतरंजीची घडी भिंतीपर्यंत उलगडली.

“भेराजी, बैठिए,” ती म्हणाली. “चाय आ रही है.”

भेरा बसला. पटेल अर्धवट उठले होते. त्यांनी बाकीच्यांवर नजर फिरवली. कुणीच हललं नव्हतं. आपण गेलो तर मागे दुसरा कुणी सरपंच होईल, हा हिशोब त्यांनी उभ्याउभ्याच केला असावा. ते पुन्हा बसले, फक्त लोड सोडून थोडे पलीकडे. हात वर झाले. पटेल चार विरुद्ध तीन असे निवडून आले. भेराचा हात खालीच होता, आणि तसं मास्तरांनी लिहून घेतलं.

चहा बाकी सगळ्यांना कपबशीतून गेला. भेराचा काचेच्या पेल्यातून, आणि तो पेला नंतर ओसरीच्या कोनाड्यात वेगळा राहिला. तेवढं कुसुमच्यानं सुटलं नाही.

रविवारी पटेलांची गाडी ठरल्याप्रमाणे सडकेवर गेली. शब्द पाळण्यात ते चोख होते. दुपारी गाडी रिकामी परत आली. बुधवारी देवासचं पत्र आलं, पत्रिका पुन्हा पाहता योग दिसत नाही. मास्तरांनी ते वाचून उशाशी ठेवलं आणि शाळेत निघून गेले.

तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना सासूबाईंनी विचारलं, “शेवटी पटेलच झाला ना सरपंच?”

“झाला,” कुसुम म्हणाली. “पण भेराला विचारून झाला.”

“ते सुलूला सांग.”

तीन वर्षांनी उज्जैनच्या फ्रीगंजातल्या एका बिजवराशी सुलूचं लग्न झालं. तोवर बैठका ओसरीवरच भरत, आणि दर महिन्याला सतरंजी अंथरायला सुलूच जाई. भिंतीपर्यंत उलगडून ती कोपरे पायानं नीट करी, आणि मंडळी यायच्या आत घरात निघून येई.